जामिनाची सही

ज्या गृहस्थाशी माझा २२ वर्षांचा स्नेह, ज्याच्या मातोश्रींच्या अंत्ययात्रेत मी खांदा दिला, त्याने पतसंस्थेच्या कागदांवर बोट ठेवून "अण्णा, नुसती सही हवी, बाकी मी आहे ना," असे म्हटले, तेव्हा तो दस्तऐवज वाचावयास मागणे मला त्याच्या सचोटीचा अवमान वाटला. भीड ही भिकेची बहीण, हे मी पुढे पगाराच्या दिवशी शिकलो. लेखाशाखेतील कारकुनाने मला बाजूस घेऊन, आवाज उतरवून, कपातीचा हुकूम दाखविला. सही केलेल्या कागदांतच माझी तशी संमती होती.

संस्थेत जाऊन "आधी कर्जदाराकडे तगादा लावा," असे मी बजावले, त्यावर व्यवस्थापकाने शांतपणे सांगितले की कायद्यास दोघे सारखेच. तो खरे बोलत होता. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमान्वये, करारात अन्यथा ठरलेले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. शिवाय १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली संस्थेला दिवाणी दाव्याविना निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि त्यावर पुनरीक्षण मागावयाचे, तर येणे रकमेचा निम्मा भरणा आधी करावा लागतो.

परंतु कायद्याने मला जितके दुखविले नाही, तितके त्या गृहस्थाच्या एका वाक्याने दुखविले. तो बाजारात भेटला, नवी मोटारसायकल भिंतीशी टेकवून माझ्या मुलांची चौकशी करू लागला, आणि मी थकबाकीचा विषय काढताच म्हणाला, "अण्णा, तुमचा पगार तर चालू आहे." त्या मुद्रेवर संकोचाची रेषादेखील नव्हती. माझ्या कन्येचे शिक्षण त्याच पगारावर चालले होते, हे त्यास पूर्ण ठाऊक होते.

जामीन राहावेच लागले, तर कोऱ्या रकान्यांवर सही करू नये, संपूर्ण दस्तऐवजाची नक्कल त्याच दिवशी मागून घ्यावी, आणि तारण काय आहे व दुसरे जामीनदार कोण आहेत हे स्वतः विचारावे. कर्जदाराची ऐपत पाहावी, हे तर सर्वच सांगतात. मात्र हे कोणी सांगत नाही, की संस्थेने जामीनदाराच्या संमतीवाचून कराराच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरती त्याची सुटका होते. म्हणून हप्त्यांचा उतारा वेळोवेळी मागावा. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती जपावी, कारण ती रक्कम कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क आपणांस आहे. पण त्या दाव्याची मुदत भरणा केल्यापासून ३ वर्षांची असते. पहिल्या ७ कपातींची माझी मुदत त्याच्या "दिवाळीनंतर बघू" या शब्दावर निघून गेली.