अर्धा वेळ, पण हजेरी पूर्ण

छोटे दवाखाने, क्लासेस, दुकानं यांचे पगार काढायचे आणि पीएफ-ईएसआयची चलनं भरायची, हे माझं रोजचं काम. ‘पार्टटाइमला कुठला आलाय पीएफ?’ हे मालकांकडून ऐकायची सवय झाली आहे. कामावरच्या बायकाच तसं म्हणतात तेव्हा मात्र राग येतो.

१. तास कोणी मोजत नाही. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी आरोग्यविमा कोणाला द्यायचा हे ठरवताना आठवड्याला ३० तासांची रेघ आहे. आपल्याकडच्या पीएफला अशी रेघच नाही. जिथे २० माणसं कामाला आहेत, तिथे चार तास येणारी बाईसुद्धा पीएफमध्ये येते, आणि ती २० माणसं मोजतानाही तिला धरायचं. नऊ हजार पगार असेल तर तिचे १,०८० कापायचे, मालकाने तेवढेच घालायचे. मालकाच्या पैशातले ७५० पेन्शनच्या खात्यात जातात.

२. मोजतात ते दिवस, आणि सगळी मेख इथेच आहे. एका दवाखान्यात दोघी रिसेप्शनला होत्या. एक सोमवार ते शनिवार रोज चार तास यायची, दुसरी आठवड्यातले तीनच दिवस, पण आठ-आठ तास. दोघींचे आठवड्याचे तास २४, पगारही सारखा. ईएसआयमधून आजारपणाचा भत्ता (पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत) मिळायला सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी लागते. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. तीन दिवसवालीचे बरोब्बर ७८ भरतात, तेही एकही खाडा न करता. दवाखाना दिवाळीला चार दिवस बंद राहिला की गेली ती खाली. पहिलीचे १५० च्या पुढे.

ग्रॅच्युइटीचं तर याहून वाईट. तिथे वर्षाला २४० दिवस धरतात, म्हणजे तीन दिवसवाली १५६ वरच अडकते. पाच काय, पंधरा वर्षं राबली तरी तिचं एकही वर्ष २४० दिवसांचं भरत नाही. बाळंतपणाच्या रजेला मात्र, ईएसआय नसेल तर, आधीच्या बारा महिन्यांतले ८० दिवस पुरतात; त्यात दोघीही बसतात.

म्हणून निवड हातात असेल तर रोज अर्धा दिवस मागून घ्या, असं मी सांगते. त्यात बसभाडं दुप्पट होतं, हेही सांगते. विरार-वसईहून दादरला येणारीला हा सल्ला देणं सोपं नाही.

३. मस्टरवर सही करा. व्हाउचरवर पगार दिला, मस्टरवर नावच घेतलं नाही, की बाई कामावर नव्हतीच असं काहींना वाटतं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर शर्यतीच्या दिवसापुरते घेतलेले हंगामी कामगार ईएसआयखाली येतात का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ मध्ये निकाल लागला: येतात. शर्यतीपुरता येणारा माणूस बसतो, तर रोज सकाळी शटर उघडणारी का नाही? पण हक्क सांगायला कागद लागतो. मस्टरचा फोटो, बँकेत जमा झालेला पगार, अगदी ‘उद्या लवकर या’ हा मालकाचा मेसेजसुद्धा जपून ठेवा.

४. पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआय सुटते. पण एप्रिल ते सप्टेंबरच्या मध्येच वाढ झाली तर सप्टेंबरअखेर वर्गणी चालू राहते. पुष्कळ मालक वाढीच्या महिन्यातच नाव काढून टाकतात. तसं करता येत नाही.

५. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीकडे पीएफ कापता येतो, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) मात्र एकच. नव्या जागी जुना नंबर आठवणीने द्या, नाहीतर दुसरा तयार होतो आणि मग पैसे एकत्र आणताना पीएफ ऑफिसच्या फेऱ्या. ग्रॅच्युइटी ज्याची त्याच्याकडे.

६. नोकरी सोडली की पीएफ काढायची घाई सगळ्यांनाच असते. पीएफचं एक वेळ ठीक, मुलीची फी भरायची असते. पण त्याबरोबर पेन्शनचेही पैसे उचलले तर झालेली सेवा पुसली जाते. पेन्शनला दहा वर्षं लागतात, आणि अर्धवेळ काम करणाऱ्या बायकांची ती एका जागी क्वचितच होतात: तीन इथे, चार तिथे, मध्ये मूल लहान म्हणून घरी. जुनं खातं नव्या नोकरीला जोडून घेतलं, तर हे तुकडे एकत्र मोजले जातात.