विडाल पॉझिटिव्ह

येवल्यात पावसाळ्यात कुणाच्याही घरी तापाचं विचारा, ‘टायफॉईड निघाला’ हेच ऐकाल. निघतो कसला, काढला जातो!

थोरलीला संध्याकाळी ताप भरला. सकाळी रक्त घेतलं, दुपारी रिपोर्ट हातात: विडाल पॉझिटिव्ह, ओ १:८०, एच १:८०. डॉक्टरांनी आकड्यांभोवती लाल पेनाने गोल काढला आणि सलाईन चढवलं. ‘साहेब, गल्लीत डेंग्यू आहे,’ म्हटलं, तर ‘मग तुम्हीच लिहा औषध!’ वर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन.

ताप हटेना, अंगावर पुरळ उठलं, तेव्हा नाशिक गाठलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी एवढंच विचारलं, ‘ताप कधी आला, आणि ही तपासणी कधीची?’ तारखा सांगता सांगताच माझ्या डोक्यात तिडीक गेली. टायफॉईडच्या अँटिबॉडी विडालमध्ये दिसायला साधारण आठवडा लागतो. मग एका रात्रीत आल्या कुठून? शाळेत असताना तिला मुदतीचा ताप येऊन गेला होता, त्याच्या त्या. दुसऱ्या एखाद्या संसर्गाने प्रतिकारशक्ती खडबडून जागी झाली की जुन्या अँटिबॉडीही वाढू शकतात. आणि हा आकडा तर आपल्याकडे धडधाकट माणसातही सापडतो. जुन्या वहीतली उधारी आजच्या पावतीवर लावली होती.

एनएस-१ केली, डेंग्यू. प्लेटलेट घसरलेल्या. डेंग्यूत रक्तस्रावाच्या भीतीने डायक्लोफिनॅक टाळतात, तापाला पॅरासिटामॉल देतात. हे मला ठाऊक नव्हतं, ठीक, पण त्यांना?

तेव्हा नुकत्याच आलेल्या तापात नुसत्या विडालवर टायफॉईड मानू नका. संशय असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी ब्लड कल्चर करायला सांगा. ‘रिपोर्टला वेळ लागतो’ म्हणतील, लागू दे. विडाल केलीच असेल तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा करा. आकडा चौपट झाला तर त्याला अर्थ. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, पुढे आयजीएम. नुसतं आयजीजी आलं तर तो डेंग्यू मागचाही असू शकतो. पालखेड कालव्याचं आवर्तन लांबलं की आपण पिंपं भरून ठेवतो, डास होऊ नयेत म्हणून ती झाकत चला. बाकी पाणी उकळून प्या, आराम करा, वगैरे.

नाशिकची फाईल मी मुद्दाम त्या डॉक्टरांना नेऊन दाखवली. मान वर न करता म्हणाले, ‘दोन्ही होतं तिला.’ सलाईनच्या पैशांची पावती मागितली, तर ‘उद्या या.’