टर्बो इंजिनातील उष्णता : ओळख आणि काळजी



अमरगोळच्या एपीएमसी यार्डात शेतमाल घेऊन येणारे ट्रक आपण नेहमी पाहतो. आजच्या बहुतेक डिझेल ट्रकांना आणि अनेक मोटारींना टर्बोचार्जर असतो. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले.

इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त मिळाल्याने जास्त इंधन जळते व ताकद वाढते. पण त्याबरोबर उष्णताही वाढते.

सायकलचा पंप मारताना नळी तापते, तशीच दाबलेली हवाही तापते. टर्बोतून निघालेली हवा १००° सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करतात. हिशोब पाहा : १२७° म्हणजे ४०० केल्विन, ५७° म्हणजे ३३० केल्विन. दाब तोच असेल तर ४०० ÷ ३३० = १.२१, म्हणजे त्याच जागेत सुमारे २१ टक्के जास्त हवा मावते.

अंकोल्याहून अरबैल घाट चढून हुबळीकडे येताना खरी परीक्षा होते. वेग कमी, त्यामुळे वारा कमी; भार मात्र पूर्ण. बॉनेटखाली रबरी नळ्या, वायरी व बॅटरी तापतात. म्हणून टर्बोजवळ उष्णतारोधक पत्रा बसवलेला असतो. दुरुस्तीनंतर तो परत बसवला की नाही, हे पालकांनी जरूर पाहावे.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवू :

१. रेडिएटर व इंटरकूलरच्या जाळीत धूळ, भुसा, कापसाचे तंतू अडकतात. जाळी वेळोवेळी साफ करून घ्यावी.

२. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटे इंजिन सावकाश चालू ठेवावे. एकदम बंद केल्यास तेलाचा प्रवाह थांबतो, तप्त टर्बोत ते करपते आणि बेअरिंग खराब होते.

३. ऑइल व कूलंट कंपनीने सांगितलेलेच, वेळेवर बदलावे.

४. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी उसळून गंभीर भाजते. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरू शकतो, म्हणून हात दूर ठेवावा.

स्वाध्याय : सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून वीस वेळा पंप मारा. नळीचा कोणता भाग जास्त तापला? का? वहीत लिहा.