मांडलिक राजे : जमा आणि खर्च

संगणकावर पाळीपाळीने खेळायच्या राज्यविस्ताराच्या खेळांत ‘सिव्हिलायझेशन’चे नाव मोठे आहे. त्याचा चौथा भाग २००५ साली निघाला आणि २००६ च्या ‘वॉरलॉर्ड्‌स’ या पुरवणीत मांडलिकत्वाचा नियम आला. (कन्नड विभागातील आमचे मित्र मांडलिकाला ‘सामंत’ म्हणतील.) हा नियम डावात ठेवावा की नाही, यावर आम्हा मित्रांत नेहमी वाद होतो. म्हणून हा हिशेब.

मांडलिक होण्याच्या वाटा दोन. युद्धात पुरता हरलेला राजा शरण येतो, किंवा दुबळा राजा आपण होऊन बलवानाच्या आश्रयाला जातो. कसेही झाले तरी मांडलिकाला स्वतःचे युद्ध वा तह करता येत नाही. सार्वभौम लढला की त्यानेही लढायचे.

जमेची बाजू उघड आहे. शत्रूची उरलीसुरली नगरे एकेक करून घेण्याचा कंटाळा वाचतो. मांडलिकाकडून लोखंड, घोडे मागता येतात. भूमी आणि लोकसंख्येच्या जोरावर डाव जिंकायचा असेल, तर त्याची निम्मी भूमी व निम्मी प्रजा आपल्या बाजूला धरतात. मुख्य कंपनीच्या ताळेबंदात उपकंपनी मिळवावी तसेच हे; फक्त येथे निम्मीच!

खर्चाची बाजू मात्र नवखा खेळाडू पाहत नाही. मांडलिकाची नगरे मोजणीत येऊन आपल्या नगरांचा देखभालखर्च वाढतो. खजिना रिकामा होऊ लागला की मग कारण शोधत बसावे लागते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एका राजाची सात नगरे घेतली, दोन उरली. तोच तो तिसऱ्याच राजाचा मांडलिक झाला. त्याचे सैन्य माझ्या दुप्पट! त्याच क्षणी माझे त्याच्याशीही युद्ध जुंपले आणि तीन रात्रींची मेहनत पाण्यात गेली. युद्ध चालू असताना शरण जायचे ते जिंकणाऱ्यालाच, एवढे बंधन नियमात हवे होते.

डाव मांडतानाच हा नियम बंद ठेवता येतो, आणि माझे दोन मित्र तसेच करतात. पण मग त्यातला उत्तम भागही जातो. शरण आलेला मांडलिक कायमचा बांधलेला नसतो. त्याची भूमी व लोकसंख्या सार्वभौमाच्या निम्म्याला पोचली, किंवा सार्वभौमाने रक्षण न केल्याने त्याची निम्मी भूमी गेली, तर तो मोकळा होऊ शकतो. आपल्या किल्ल्यातील कमल बस्ती ज्यांच्या काळात उभी राहिली ते रट्ट असेच आधी राष्ट्रकूटांचे, मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. चालुक्यांची सत्ता ढासळल्यावर ते स्वतंत्र झाले आणि त्यांनी राजधानी सौंदत्तीहून बेळगावला आणली. असा एखादा रट्ट माझ्या डावात उठला की हरतानासुद्धा मजा येते. मी नियम चालूच ठेवतो.