ताटातल्या कोंबडीची चौकशी

चि. मुक्तास,



तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोनवर बोलायचं तर निम्मं राहून जाईल, म्हणून सवडीनं पत्रच लिहिते आहे. कत्तलखान्याचा व्हिडिओ पाहिल्यापासून तुला नीट जेवण जात नाही. चिकन कायमचं सोडावं का, कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शनं देतात हे खरं का, आणि रूममेट जिमवाली असल्यामुळे फ्रीझरमध्ये जी सॉसेज आणि नगेट्सची पाकिटं साठली आहेत ती बरी की वाईट, असं तू विचारलं आहेस. पशुवैद्यकीय दवाखान्यात हयात घालवलेल्या मावशीलाच हे विचारावंसं वाटलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

आपलं घर पिढ्यान्पिढ्या मांसाहारी. तेव्हा ‘सोड’ म्हणून मी तुला सांगणार नाही आणि ‘खा गं, काही होत नाही’ असंही म्हणणार नाही. निर्णय तुझा तूच घे, पण तो किळस आली म्हणून किंवा कुणी भीती घातली म्हणून घेऊ नकोस. अशा निर्णयांची मुदत फार थोडी असते. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवरून पसरली आणि बघता बघता कोंबडीचे भाव कोसळले. आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी मातीमोल दरानं दिले, कुणी फुकट वाटले. कित्येक जण कर्जात गेले. पुढे अफवा विरली आणि लोक पुन्हा होते तसेच खाऊ लागले. त्या सगळ्या घबराटीत कोंबडी कशी वाढते हे मात्र कुणी विचारलं नाही.

आधी हार्मोनचं. ते खरं नाही. वाढीचं हार्मोन हे प्रथिन असतं. खाद्यातून दिलं तर पोटात पचून जाईल, आणि हजारो पक्ष्यांना रोज सुई टोचणं कोणत्याही धंद्यात परवडणार नाही. पिल्लांना देतात त्या लसी. मानमोडी होऊ नये म्हणून लासोटाचा थेंब डोळ्यात घालतात, गंबोरो रोगाची लस पाण्यातून पाजतात. कोंबडी एवढी झपाट्यानं वाढते ती वाणामुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं 1957, 1978 आणि 2005 सालचे वाण एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवून पाहिले होते. 56 व्या दिवशी 1957 च्या वाणाचा पक्षी सरासरी 905 ग्रॅम भरला, 1978 चा 1808 ग्रॅम आणि 2005 चा 4202 ग्रॅम. पिढ्यान्पिढ्या सगळ्यात भरभर वाढणारेच पक्षी निवडत गेल्याचा हा परिणाम. आपल्याकडे साधारण 40 ग्रॅमचं पिल्लू शेडमध्ये येतं आणि सहा आठवड्यांच्या आत दोन किलोचं होऊन गाडीत चढतं.

माझी काळजी याच घाईपासून सुरू होते. पाचव्या आठवड्यातल्या ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये शिरलं की आधी डोळे चुरचुरतात. खाली अंथरलेल्या भाताच्या तुसात विष्ठा मुरलेली असते, तिचा अमोनिया वर येत असतो. आपण आत गेल्यावर पक्षी पांगतील अशी आपली अपेक्षा असते, पण ते पांगत नाहीत. दोन-चार पावलं टाकतात आणि छातीवर बसतात. मांस वाढतं त्या वेगानं पायांची हाडं घट्ट होत नाहीत आणि हृदय-फुप्फुसंही पुरी पडत नाहीत. काहींच्या पोटात पाणी होतं. छातीखालची पिसं बसून बसून झडलेली असतात. एका पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम चौरस फूटभर जागा येते. पक्षी गाडीत भरायच्या रात्री दिवे मंद करून माणसं पायाला धरून एका हातात चार-पाच पक्षी उचलतात आणि क्रेटमध्ये घालतात. तू पाहिलास तो व्हिडिओ शेवटच्या काही मिनिटांचा होता. मला विचारशील तर त्याआधीचे चाळीस दिवस जास्त विचार करण्याजोगे आहेत.

यात शेतकऱ्याला खलनायक करू नकोस. आपल्या भागात बहुतेक जण करारावर पक्षी सांभाळतात. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, पाणी, वीज, मजुरी शेतकऱ्याची. किलोमागे त्याला ठरलेला पालनखर्च मिळतो, आणि मर किती झाली, किलोभर वजनाला खाद्य किती गेलं, यावर तोही वरखाली होतो. शेडसाठी बँकेचं कर्ज असतं. दोन दिवस जरी पक्षी मरायला लागले तरी त्याच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी औषधाच्या बाटलीकडे हात जाणारच. पुढे पुढे तर रोग येण्याआधीच, येऊ नये म्हणून, अँटिबायोटिक पाण्यात पडू लागलं.

हार्मोनपेक्षा हे औषध मला जास्त भिववतं. 2014 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं दिल्ली आणि आसपासच्या बाजारांतले चिकनचे 70 नमुने तपासले, तेव्हा 40 टक्क्यांमध्ये अँटिबायोटिकचे अंश मिळाले. अंशाहून मोठा धोका जंतूंचा आहे. रोज थोडं थोडं औषध खाऊन शेडमधले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. तेच जंतू विष्ठेतून शेतात, पाण्यात, मांसावर आणि मांस कापणाऱ्याच्या हातावर येतात. कोलिस्टिन नावाचं एक औषध आहे. बाकी सगळी औषधं हरली की अतिदक्षता विभागातले डॉक्टर त्याच्याकडे वळतात. तेच पोल्ट्रीत वजन वाढावं म्हणून सर्रास चालायचं. जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारनं खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरता त्यावर बंदी घातली. फार चांगलं झालं. पण नियम कागदावर असणं आणि गावातल्या शेडपर्यंत पोचणं यात अंतर असतं, आणि ते कापायला तपासणारी माणसं लागतात. 2001 च्या कत्तलखाना नियमांत लिहिलंय की एका पशुवैद्यकानं तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत, आणि एका जनावरासमोर दुसरं कापू नये. नाक्यावरच्या दुकानातल्या कोंबडीला कोण तपासतं? पिंजऱ्यातल्या उरलेल्या कोंबड्यांदेखतच तिच्या मानेवर सुरी फिरते.

दाटीचा धोका सांगायचा तर नवापूरचंही सांगायला हवं. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो तिथेच, फेब्रुवारी 2006 मध्ये. आसपासच्या पोल्ट्र्यांमधले लाखो पक्षी नष्ट करावे लागले आणि त्या कामावर मीही होते. अंगभर पांढरा पोशाख, तोंडाला मास्क, चष्म्यावर वाफ धरायची. जेसीबीनं खणलेले खड्डे, त्यात पक्षी, वर चुना, मग माती. मालक बांधावर उभे असायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. 2021 मध्ये नवापूरला तोच रोग पुन्हा आला. एकाच वाणाचे इतके पक्षी इतके दाटीनं ठेवले की रोगाला वाट शोधावी लागत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिथे ते डोळ्यांनी पाहिलं. स्वस्त अंडं आणि स्वस्त चिकन यांच्या किमतीत हे धरलेलं नसतं.

आता तुझ्या फ्रीझरकडे येते, पण आधी एक जुनी गोष्ट ऐक. अमेरिकेत शिकागोला मांसाचे अवाढव्य कारखाने होते. जनावर टांगून पुढे सरकवायचं, आणि रांगेतल्या प्रत्येक माणसानं दिवसभर एकच काप घ्यायचा. अप्टन सिंक्लेअर या लेखकाची ‘द जंगल’ ही कादंबरी 1906 साली प्रसिद्ध झाली; त्यानं ती लिहिली होती तिथल्या मजुरांचे हाल दाखवायला. वाचकांना मात्र मजुरांपेक्षा आपल्या सॉसेजमध्ये काय काय जातं याचाच धक्का बसला, आणि त्याच वर्षी तिकडे मांस तपासणीचा कायदा झाला. मजूर राहिले बाजूला. आजही आपण आपल्या पोटापुरतीच चौकशी करतो. तू तेवढ्यावर थांबू नकोस.

पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाच. सॉसेजवर, सलामीवर 250 हा आकडा दिसेल; ते सोडियम नायट्राइट. मांस गुलाबी राहावं आणि विषारी जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात. 450, 451, 452 म्हणजे फॉस्फेट. त्यानं मांसात पाणी धरून राहतं, म्हणजे त्या पाण्याचेही पैसे तू मोजतेस. नगेट्समध्ये पीठ, स्टार्च, तेल, मीठ किती आणि चिकन किती टक्के, तेही पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ऑक्टोबर 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक म्हणून जाहीर केलं. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे 18 टक्क्यांनी वाढते, असं त्यांचं अनुमान आहे. तंबाखू त्याच गटात आहे म्हणून सलामी तंबाखूइतकी घातक, असा अर्थ लावू नकोस. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. कधीतरी मैत्रिणीच्या वाढदिवसाला एक खाल्लंस तर काही बिघडत नाही. रोजच्या डब्यात मात्र ते नको. रूममेटला प्रथिनं हवी असतील तर अंडी आहेत, मोड आलेली मटकी आहे, हरभरे आहेत, दही आहे.

‘मग गावठी खाते’ असं म्हणशील. जरूर खा, पण डोळे उघडे ठेवून. शहरात गावठी म्हणून विकला जाणारा रंगीत पक्षी पुष्कळदा शेडमध्येच वाढवलेला संकरित वाण असतो. वाईट नसतो; ब्रॉयलरपेक्षा सावकाश वाढतो, मांस घट्ट असतं. फक्त उकिरड्यावर किडे टिपत वाढलेल्या कोंबडीचा भाव त्याला देऊ नकोस. विकणाऱ्याला विचार: पक्षी कुठून आणतोस, किती दिवसांचा, कोणतं खाद्य? ज्याला ठाऊक असतं तो कौतुकानं सांगतो. जो विचारल्यावर चिडतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. दुकानात वाहतं पाणी आहे का, ओंडका खरवडून धुतात का, घाण कुठे टाकतात, हे पाहा. पाकीटबंद कच्चं चिकन घेतलंस तर त्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक आणि पॅकिंगची तारीख असायलाच हवी, आणि दुकानाचा फ्रीज खरोखर गार हवा. अँटिबायोटिक न वापरता वाढवलेला पक्षी मिळत असेल तर महाग पडला तरी तो घे आणि महिन्यातून एखादा वार कमी कर.

कमी खाण्याची सवय आपल्या घराला नवी नाही. तुझ्या आजीच्या हाताखाली आम्ही वाढलो तेव्हा मटण रविवारी, तेही दर रविवारी नाही. सोमवार, गुरुवार, चतुर्थी पाळायची, आख्खा श्रावण पाळायचा, पुढे गणपती उठेपर्यंत कुणी नाव काढायचं नाही. अर्ध्या किलोत सगळं घर जेवायचं. फोडी दोन-दोन वाट्याला यायच्या, बाकी रस्सा आणि भाकरी. कुणाला कमी पडल्यासारखं वाटायचं नाही. रोज चिकन, तेही दोन्ही वेळा, ही चाल स्वस्त ब्रॉयलरनं लावली.

एवढं सगळं कळूनही पक्ष्याचा जीव घेणंच तुला सोसत नसेल, तर सोड. तुझ्या आईची समजूत मी घालीन. ‘आपल्यात असं चालत नाही’ वगैरे ऐकून घेऊ नकोस. फक्त दुसऱ्याच्या ताटाकडे नाक मुरडून पाहू नकोस. तुझी रूममेट खाते म्हणून ती निर्दय ठरत नाही, आणि शेड चालवणारा शेतकरीही नाही. आणि खायचं ठरवलंस तर घेतलेल्यातलं काही टाकू नकोस. तो पक्षी वाढायला मका-सोयाबीन लागलंय, कुणाच्या तरी रात्री जागून गेल्यात.

एक स्वयंपाकघरातली गोष्ट आईनं सांगितलेली नसेल. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नकोस. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, कोशिंबिरीवर, चमच्यांवर जातात. गोठवलेलं असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरव, ओट्यावर नको. त्याची सुरी आणि फळी वेगळी ठेव, हात साबणानं धू, आणि हाडाजवळचा लाल रस पुरता जाईपर्यंत शिजव. जंतू औषधाला दाद देवोत न देवोत, आचेपुढे टिकत नाहीत.

तुमच्या भागात कोणती दुकानं आहेत आणि तिथे काय उत्तरं मिळाली ते मला कळव. पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठव, आपण दोघी मिळून वाचू. कोल्हापुरी रश्श्याचं वाटण तुला हवं होतं, ते वेगळ्या कागदावर लिहून आईकडे दिलं आहे.

तुझी,
माई मावशी