तरवा जपून वापर

चि. बाळास,


परवा तुझा फोन आला तेव्हापासून मनात तेच घोळतंय. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत, क्लिनिकमधल्या काउन्सिलरबाईंनी चार हजार ग्राफ्टचं, म्हणजे केसांच्या जुड्यांचं, हेअर ट्रान्सप्लांट सांगितलं, महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर सवलत देतो म्हणाल्या आणि तू मला विचारलंस, "आत्या, करून टाकू का?" फोनवर हो-नाही म्हणून मोकळं व्हावं असा हा प्रश्न नाही. बावीस वर्षं मी प्लास्टिक सर्जरीच्या ओटीत सिस्टर होते. त्यातली शेवटची कित्येक वर्षं मायक्रोस्कोपपुढे बसून केसांची मुळं सुटी करण्यात गेली. त्यामुळे नीट बसून लिहितेय.

आपल्या गावची भातलावणी आठव. आधी एका वाफ्यात तरवा तयार होतो, तो उपटायचा, मुठी बांधायच्या आणि चिखलात नेऊन लावायचा. हेअर ट्रान्सप्लांट म्हणजे हेच. त्यात एकही नवा केस तयार होत नाही. मागचा केस पुढे येतो, एवढंच. पुरुषांच्या टकलामागे डीएचटी नावाचं हार्मोन असतं. कपाळाकडची आणि टाळूवरची मुळं त्याला बळी पडतात, दर खेपेला केस आधीपेक्षा बारीक उगवतो आणि शेवटी उगवतच नाही. डोक्याच्या मागच्या बाजूच्या आणि कानामागच्या मुळांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक या डॉक्टरांनी 1959 साली दाखवून दिलं की मागचं मूळ पुढे लावलं तरी ते आपला मूळचा गुण सोडत नाही. या शस्त्रक्रियेचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

पण बाळा, भाताचा तरवा पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो, हा पेरता येत नाही. मागून काढलेलं मूळ तिथे परत येत नाही. बहुतेकांच्या डोक्यातून उभ्या आयुष्यात पाच-सहा हजारांच्या आसपासच ग्राफ्ट धोका न पत्करता काढता येतात, काहींचे त्याहूनही कमी. तू आज चोविशीत त्यातले चार हजार दोन कोपऱ्यांवर खर्च केलेस, तर चाळिशीत टाळू उघडी पडल्यावर काय लावणार?

मी हे उगाच घाबरवायला लिहीत नाही. आमच्याकडे एकदा अडतीस वर्षांचा गृहस्थ आला होता. तेविसाव्या वर्षी दुसरीकडे कुठेतरी त्याने ट्रान्सप्लांट करून घेतलं होतं. त्याने टोपी काढली. कपाळावर, भुवयांपासून जेमतेम चार बोटांवर, पट्टीने आखल्यासारखी केसांची सरळ ओळ आणि तिच्यामागे भोवऱ्यापर्यंत मोकळं माळरान. मान वळवली तर मागे कसर लागलेल्या शालीसारखं विरळ झालेलं. आमच्या सर्जन सरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काढायला काही शिल्लकच नव्हतं. त्याचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही.

म्हणून आधी निदान कर. गोल चकत्या पडत असतील तर ती चाई, तिचा इलाज वेगळा. टायफॉइड किंवा डेंगीनंतर गळलेले केस बहुधा आपणहून परत येतात. थायरॉइड आणि रक्तातलं लोह तपासून घे. खरोखरच वारशाचं टक्कल निघालं, तर पहिली पायरी औषधांची. मिनॉक्सिडिल डोक्याला लावायचं, फिनास्टराइडची गोळी घ्यायची. या औषधांनी असलेले केस टिकतात, पण बंद केली की मिळालेला फायदा काही महिन्यांत निघून जातो. फिनास्टराइडने काहींची कामेच्छा कमी होते, काहींचं मन उदास होतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नकोस आणि त्रास झाला तर लाजून लपवू नकोस. निदान वर्षभर औषध घेऊन पाहा. टक्कल कुठवर जाणार याचा अंदाज तेवढ्यात येतो.

त्यानंतरही करायचं ठरलं, तर त्या दिवशी काय होतं तेही सांगते. पद्धती दोन. एकीत मागच्या त्वचेची अरुंद पट्टी काढून टाके घालतात आणि मायक्रोस्कोपखाली त्या पट्टीतून एकेक मूळ सुटं करतात. दुसरीत मिलिमीटरभर रुंदीच्या नळीने एकेक मूळ जागेवरूनच उचलतात. पहिलीत एक आडवी रेघ राहते, दुसरीत असंख्य पांढरे ठिपके. "व्रणच नाही" असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

सुरुवातीची भुलीची इंजेक्शनं टोचतात, ती पाच-दहा मिनिटं दात आवळून काढायची. पुढे दुखत नाही, फक्त सहा-आठ तास पडून राहायचा कंटाळा येतो. सकाळी पोटभर खाऊन जा आणि पुढून बटणं असलेला शर्ट घाल. मायक्रोस्कोपखाली एक ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांची जुडी, खाली कांद्याच्या पातीच्या बुंध्यासारखा फुगीर गड्डा. चिमट्यात तो गड्डा चेपला की केस गेला. काही मिनिटं कोरडा राहिला तरी गेला. म्हणून आम्ही ते थंड सलाइनमध्ये दहा-दहाच्या ओळीत मांडायचो. एका केसाचे ग्राफ्ट अगदी पुढच्या कडेला, तीन-चार केसांचे मागे, आणि प्रत्येक छेद मूळच्या केसाच्या कलाने तिरपा. केस खरा वाटतो तो या तिरपेपणामुळे. काम चिकाटीचं असतं, म्हणूनच घाईच्या ठिकाणी ते बिघडतं.

दोन-तीन दिवसांनी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरते, आरसा पाहून घाबरू नकोस. उशा उंच घेऊन झोप. खपल्या आठ-दहा दिवसांत आपणहून पडतात, नखाने काढू नकोस. मग येतो धीर सुटायचा काळ. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केसही गळून जातात. पैसे पाण्यात गेले असं वाटतं. पण लावणीनंतर तरवाही काही दिवस पिवळा पडून मान टाकतोच ना? खाली मूळ धरलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक लव दिसू लागते, सहाव्या महिन्यात फरक कळतो, पुरं रूप यायला वर्ष लागतं आणि टाळूवर दीड वर्षही. लग्न दोन महिन्यांवर असताना हे करायचं नसतं, ते यासाठीच. आणि दाटपणा शाळेत होता तसा येत नाही. साधारण निम्म्या दाटीवर डोकं भरल्यासारखं दिसतं, समाधान तेवढ्यावर मानायचं.

हे कोणाकडून करून घ्यायचं, यात मात्र तडजोड नको. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट सांगितलंय की हे काम कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकायचं नाही, रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच ते करायचं. म्हणून प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ गाठ. त्यांना समोरासमोर विचार: छेद तुम्ही स्वतः देणार का? मुळं कोण काढणार? भुलीची रिअॅक्शन आली तर ऑक्सिजन आणि तातडीची औषधं ओटीतच आहेत का? 2019 साली मुंबईत एका व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर जीव गेला. असं क्वचित होतं, पण ज्यांच्या घरातलं माणूस जातं, त्यांना ते क्वचित नसतं. बीपी, शुगर, दम्याचा त्रास, चालू असलेल्या गोळ्या, सगळं खरं सांग. सिगारेट ओढत असशील तर आजच सोड. तिने रक्तपुरवठा आखडतो आणि जखम भरायला वेळ लागतो.

डॉक्टरांनी तुझं डोकं पाहिलेलंच नसताना काउन्सिलरबाईंनी चार हजार ग्राफ्ट कसे मोजले, हा प्रश्न तुला त्याच वेळी पडायला हवा होता. सवलत पुढच्या महिन्यातही असेल. पैसे भरू नकोस.

दादाकडे तुझ्या आजोबांचा, आप्पांचा, साठीचा फोटो आहे, देवघराशेजारी लावलेला. तो मोबाइलवर काढून घे. तुझ्या आईकडून तिच्या वडिलांचाही माग, कारण टक्कल दोन्ही घरांतून उतरतं. ते दोन्ही फोटो डॉक्टरांसमोर ठेव आणि म्हण, "साठीत मी असा दिसणार असेन, तर आज किती लावायचे आणि किती राखून ठेवायचे?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला जे डॉक्टर वेळ देतील, त्यांच्याकडेच जा. मला तारीख कळव, मी सोबत येते.

तुझी,
आत्या