बाकी शून्य, तरी बिलं थकीत?

प्रश्न : उज्जैनला टावर चौकात आमचं कापडाचं दुकान आहे. टॅलीत एका गिऱ्हाइकाच्या खात्यावर बाकी शून्य, पण थकबाकीच्या यादीत त्याची जुनी बिलं तशीच! खोडून टाकू का? – एक वाचक

उत्तर : मुळीच नको. ती विक्री जीएसटीच्या विवरणात गेलेली असेल. बिल खोडलंत तर मेळ बसणार नाही. पैसे कुठेही गेलेले नाहीत. यादीतच 'ऑन अकाउंट' म्हणून तेवढी रक्कम वजा दिसेल. गिऱ्हाईक ठोक रक्कम देऊन गेलं की हे हमखास होतं. आधी बॅकअप घ्या. मग लेजरमधल्या त्या जमेच्या नोंदीवर एंटर मारा आणि 'ऑन अकाउंट'ऐवजी 'अगेन्स्ट रेफरन्स' निवडून बिल जोडा. रक्कम आणि तारखेला हात लावू नका. त्या वर्षाचं ऑडिट झालं असेल, तर आधी सीएंना विचारा.